उघड्या खिडकीचं यंत्र

होळीची राख थंड होते न होते तोच नागपूरजवळच्या वाडी गावात पत्र्याचा आवाज सुरू होतो. अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना, दत्तवाडीच्या गल्ल्यांत, खडगाव रोडच्या दुकानांसमोर, माळ्यावरचे, जिन्याखालचे, गच्चीवर ताडपत्रीत बांधून ठेवलेले कूलर खाली उतरतात. कुणी टाकीच्या तळाला डांबर फासतं, कुणी बाजूंच्या ताट्या उसवून त्यांतला काळा पडलेला भुसा बाहेर फेकतं, कुणी पाण्याची मोटार उलटी धरून तिची पाती बोटानं फिरवून बघतं. ट्रकांनी आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामांनी भरलेल्या या गावाला एरवी कशाचीच सवड नसते. पण मार्चमधला एक रविवार कूलरचा.

नागपूरकडे ‘कूलर घेतला’ हे वाक्य आयुष्यात दोन-तीनदाच म्हटलं जातं. ‘कूलर लावला काय?’ हे दरवर्षी विचारतात. फ्रिज आणला की त्याचा विषय संपतो. कूलर मात्र दर उन्हाळ्यात नव्यानं लावावा लागतो आणि तो लावता येणं ही घरातल्या कुणाची तरी विद्या असते. बहुधा बाबांची, क्वचित आजोबांची, आणि अलीकडे कुणाचीच नाही.

या विद्येचं एक दूरचं भावंड अटलांटिकच्या पलीकडे राहतं. नागपुरात शिकून अमेरिकेला गेलेल्या मुलांपैकी ज्यांना न्यू यॉर्क किंवा जर्सी सिटीच्या एखाद्या जुन्या इमारतीत घर मिळतं, त्यांची पहिल्याच थंडीत एका बिडाच्या धूडाशी गाठ पडते. खिडकीखाली उभा असलेला, फासळ्या मोजून घ्याव्यात असा तो रेडिएटर. तळघरातल्या बॉयलरमधून त्यात वाफ येते, आतली हवा एका छोट्या झडपेतून फुसफुसत बाहेर पडते आणि रात्री-अपरात्री आत कुणीतरी हातोडा मारल्यासारखे ठोके ऐकू येतात. मुलं घरी फोन करून सांगतात, हीटरमध्ये भूत आहे. खरं तर त्यात पाणी अडकलेलं असतं. वाफ आणि पाणी दोन्ही एकाच नळातून ये-जा करतात. रेडिएटर त्या नळाकडे किंचित उतरता नसेल तर थंड झालेलं पाणी परत न जाता तळाशी साचतं आणि मागून येणारी वाफ त्याला उचलून आपटते. उपाय काय, तर लांबच्या पायांखाली लाकडाची पातळ चीप. ज्याच्या बापानं दर मार्चमध्ये पाणसळ लावून कूलरचा स्टँड सरळ केला आहे, त्याला हे एका वाक्यात समजायला हवं.

दोन्ही यंत्रं एकाच शास्त्राची दोन टोकं आहेत. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. बॉयलर ती वाफेत भरतो, वाफ रेडिएटरमध्ये पुन्हा पाणी होते आणि तेवढीच उष्णता खोलीत टाकून खाली उतरते. कूलर याच्या उलट चालतो. त्यात पाणी उकळत नाही, नुसतं सुकतं. पण सुकायलाही उष्णता लागतेच, ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी. ती बाहेरून खेचलेल्या गरम हवेतून काढून घेतली जाते. माठ असाच थंड होतो आणि आंघोळीनंतर ओल्या अंगानं पंख्याखाली उभं राहिलं की काटा येतो तोही असाच. अमेरिकेतलं घर वाफेचं पाणी करून ऊब मिळवतं, वाडीतलं घर पाण्याची वाफ करून गारवा.

गारव्याची गरज किती, हे सांगायला नागपूरला विशेषणं लागत नाहीत. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. ३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर गहजब झाला. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं आणि ते खरंच होतं, पण त्या दुपारी रस्त्यावर असलेल्या माणसाला बिघाड पटणं जरा जड गेलं असणार. हेच शहर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. म्हणजे चव्वेचाळीस अंशांच्या झोक्यावर बसलेलं गाव. त्यातल्या थंडीच्या टोकासाठी इथल्या घरानं शेकोटी, गोधडी आणि आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब यापलीकडे काहीच केलं नाही. सगळी बुद्धी खर्च झाली ती दुसऱ्या टोकावर.

पुण्या-मुंबईचा पाहुणा कूलरला नाक मुरडतो. त्यातही शास्त्र आहे. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला की तो जिथवर उतरतो, तिथवरच कूलर हवा थंड करू शकतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४५ अंश असताना हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या वाटेचा चार पंचमांश भाग चालतो, म्हणजे ४५ ची हवा २७-२८ अंशांवर आणून सोडतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना हाच कूलर फार तर २९ पर्यंत जाईल, वर आधीच चिकट असलेली हवा आणखी चिकट करील. कोरड्या उन्हाला विदर्भाचा माणूस शिव्या घालतो, पण त्याचा कूलर त्या कोरडेपणावरच जगतो. मृगाच्या सरी आल्या की त्याचं काम संपलं. मग पंप बंद करायचा आणि नुसता पंखा चालवायचा. जुलैत पंप चालू ठेवून ‘यंदा कूलर गारच करत नाही’ म्हणणारे दर गल्लीत दोन-तीन तरी निघतात.

ही युक्ती वाळवंटी अमेरिकेतून आली असं ‘डेझर्ट कूलर’ या नावावरून वाटतं. ॲरिझोनात १९३० च्या दशकात असे कूलर घरोघरी झाले, हे खरं. पण ‘आईन-ए-अकबरी’त खसखान्याचा उल्लेख आहे, म्हणजे वाळ्याच्या मुळ्यांच्या भिंती करून त्यांवर पाणी शिंपडलेली खोली. पुढे साहेबाच्या बंगल्यांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लागल्या आणि त्यांवर पाणी मारायला वेगळा माणूस आला. वारा पडला की टट्टी निकामी, म्हणून लाकडी पेटीत हातानं फिरवायचा पंखा बसवून तिच्या बाजूंना ओला वाळा लावला गेला. त्याचं नाव थर्मँटिडोट. उत्तर हिंदुस्थानात राहिलेल्या फॅनी पार्क्स या बाईंनी १८३१ च्या उन्हाळ्याच्या नोंदीत द्राक्षं आणि बर्फाच्या पाण्याबरोबर या यंत्राचाच काय तो दिलासा असल्याचं लिहिलं आहे. पंखा फिरवणाऱ्या माणसाच्या जागी मोटार आणि पाणी मारणाऱ्याच्या जागी पंप बसवला, की वाडीतल्या खिडकीतला कूलर तयार होतो. टट्टी हा शब्द मराठीत गैरसोयीचा, म्हणून नागपूरकरानं ‘ताटी’ ठेवला असावा. मुक्ताबाईच्या अभंगांमुळे त्या शब्दाला घरंदाजपणाही आहे.

ओल्या हवेचं आणि वाफेचं लग्न नागपुरात फार आधी लागलेलं आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तिथे पुढे हवा ओलसर ठेवणारी यंत्रं बसवली गेली, आणि टाटांच्या इतिहासात ती देशातली पहिली मानली जातात. एकाच आवारात वाफेची ताकद यंत्रं फिरवत होती आणि पाण्याचे तुषार धागा सांभाळत होते.

आता मूळ मुद्दा, ज्यावर दर उन्हाळ्यात निम्मी घरं चुकतात.

कूलर खोलीत हवा ढकलतो. तासाला दोन-तीन हजार घनमीटर. एवढी हवा आत आली तर तेवढी बाहेर जायला नको? दार-खिडक्या लावून कूलर सुरू केला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग अंग चिकचिकायला लागतं, गादी दमट होते, भिंतीवरचं कॅलेंडर मऊ पडतं. घरमालक मिस्त्रीला बोलावतो. जुना मिस्त्री कूलरला हातही न लावता आधी समोरच्या भिंतीकडे बघतो. “काकू, तिकडची खिडकी उघडली काय?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि पुष्कळदा तोच शेवटचा ठरतो. खिडकी उघडायला लोक तयार नसतात, कारण गार हवा पैसे देऊन केलेली आहे, ती बाहेर कशी जाऊ द्यायची? पण कूलरची हवा ही साठवायची वस्तूच नव्हे, ती वाहायची वस्तू आहे. एसीची सवय लागलेल्या पिढीला हे उलटं वाटतं, कारण एसी बंद घराचं यंत्र आहे आणि कूलर उघड्या घराचं.

गंमत म्हणजे न्यू यॉर्कच्या वाफेच्या रेडिएटरचीही हीच गोष्ट सांगतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर मोकळ्या हवेचा आग्रह इतका वाढला की कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही घर उबदार राहावं, अशा हिशेबानं रेडिएटर मोठे बसवले गेले. साथ विसरली गेली, खिडक्या बंद झाल्या, रेडिएटर तेवढेच राहिले. म्हणून आजही त्या घरांमध्ये बाहेर बर्फ आणि आत गंजिफ्रॉक घालून बसलेली माणसं दिसतात. यंत्र कोणत्या घरासाठी केलं होतं ते विसरलं, की ते बिघडलेलं वाटायला लागतं.

तपासणी सोपी आहे. कूलर सुरू करून समोरच्या खिडकीच्या फटीत कागदाची पट्टी धरायची. ती जोरात बाहेर फडफडली तर हवा वाहतेय.  दार आपोआप धाडकन बंद होत असेल तर घर कोंडलेलं आहे, खिडकी अजून उघडा. आणि कूलर स्वतः बाहेरची कोरडी हवा ओढतोय का, हेही बघायचं. चाकांचा प्लॅस्टिकचा कूलर खोलीच्या मधोमध ठेवला की तो खोलीतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा गिळतो. खिडकीबाहेर, सावलीत, वर हिरवी जाळी किंवा पत्र्याची पडवी. पत्र्याच्या कूलरची जागा तिथेच.

मग ताट्या. वाळा हा मानाचा. त्याच्या मुळ्यांवर पहिलं पाणी पडलं की येणारा वास ज्यांच्या लहानपणात आहे त्यांना दुसरं काही पटत नाही. पण वाळा महाग, लवकर गच्च होतो आणि हवा अडवतो. म्हणून बहुतेक घरांत लाकडाच्या बारीक कातरणाचा भुसा जाळीत भरतात. तो स्वस्त, एका उन्हाळ्यापुरता, आणि पहिले दोन दिवस ओल्या सुतारकामाच्या दुकानासारखा वास मारणारा. मधाच्या पोळ्यासारखी कागदी ताटी तिसरी. ती तीन-चार उन्हाळे काढते, पण क्षार बसले की ब्रश लावता येत नाही, तुकडे पडतात. कोणतीही घ्या, ती सगळीकडून भिजली पाहिजे. हवा आळशी असते. ताटीला वीतभर कोरडा डाग असला तर ती बरोबर तिथूनच घुसते, आणि मग बाकीची ताटी कितीही ओली असली तरी खोलीत झळ येते. कूलर एका बाजूला कलला की वरच्या पन्हाळीतलं पाणी एकाच कडेला धावतं. पाणसळ लागते ती इथे. पन्हाळीची भोकं झाडूच्या काडीनं मोकळी करायची. पंखा सुरू करण्याआधी पाच मिनिटं पंप चालू ठेवायचा. एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

उरलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पाण्यात असतं. कडक उन्हात मोठा कूलर तासाला वीस लिटर पाणी सहज पितो, दिवसाला शंभर लिटरचा हिशेब काही जास्त नाही. उडतं ते फक्त पाणी. क्षार टाकीतच राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तेवढ्या चांगल्या पाण्याचाही हिशेब केला तर शंभर लिटरमागे पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो! बोअरचं जड पाणी असेल तर त्याहून किती तरी जास्त. ही पांढरी खडी आधी भोकांत, मग पंपात आणि शेवटी ताटीत बसते. पाणी संपत आलं की वरून भरत राहणं, ही सर्रास सवय, आणि तीच चूक. दर दोन-तीन दिवसांनी तळाचं बूच काढून गढूळ पाणी पूर्ण सोडून द्यायचं. ते झाडांच्या मुळाशी दर वेळी घालू नये, क्षार जमिनीत साचतात. अंगण धुवायला उत्तम. वाफेच्या बॉयलरचीही अगदी हीच दिनचर्या असते. जुन्या घरांत आठवड्यातून एकदा खालची तोटी सोडून गंजाचं लाल पाणी बादलीत काढतात, स्वच्छ येईपर्यंत. ज्या घरात हे कुणी करत नाही तिथे पाण्याची पातळी सांगणारी कळ गाळात रुतते, आणि ती कळ बॉयलर कोरडा पडला की आग बंद करण्यासाठीच तर असते.

कूलरचा धोका वेगळा, आणि इथे गमतीचा सूर सोडलेला बरा. पत्रा, पाणी आणि वीज एकाच पेटीत. पंपाची वायर एका जागी सोलवटली की सगळा कूलर जिवंत होतो, आणि बाहेरच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरणाऱ्या बाईला किंवा हात लावणाऱ्या लेकराला झटका बसतो. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. झटके बसणारा कूलर ‘थोडा करंट मारतो’ म्हणून महिनोन् महिने वापरणं हा इथला सर्वांत वाईट रिवाज आहे. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढायची. तीन पायांची पिन हवी, घराला खरंच अर्थिंग हवं, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीचा ब्रेकर बसवून घ्यायला हवा. पंखा घुंघुं करतो पण फिरत नाही, काडीनं ढकलला की फिरतो, तर कंडेन्सर गेलेला आहे. तो स्वस्तात बदलून मिळतो. झटक्याचा उपाय मात्र स्वस्त-महाग बघायचा नसतो.

दुसरा धोका सरकारी भिंतींवर रंगवलेला असतो, तरी घरात शिरतोच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण नुसतं पाणी सांडून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर, टाकीच्या भिंतीला चिकटून असतात आणि कोरडी असूनही महिनोन् महिने तग धरतात. काथ्यानं घासल्याशिवाय ती निघत नाहीत. टाकीत कापराच्या वड्या किंवा कडुलिंबाचा पाला टाकणारे वास बदलतात, टाकी साफ करत नाहीत.

वाडीत आता नव्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि पुष्कळ सदनिकांत खिडकीबाहेर स्टँड लावायला जागाच नाही. एसीची भोकं मात्र बिल्डरनं आधीच पाडलेली असतात. दीड टनाचा एसी सुमारे दीड हजार वॅट खातो, खिडकीतला कूलर दोनशेच्या आसपास. शिवाय एसी आतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो, म्हणजे शेजारच्या कूलरवाल्याला अधिक गरम हवा ओढावी लागते. म्हाताऱ्या माणसांना, दम्याच्या रुग्णांना, पाण्याचा टँकर मोजून मिळणाऱ्या वस्तीला कूलर परवडतोच असं नाही. शंभर लिटर पाणी ही लहान गोष्ट नव्हे. तरीही कोरड्या गावात कोरड्या हवेचं यंत्र सोडून देणं हा सोयीपेक्षा प्रतिष्ठेचा निर्णय जास्त वाटतो. न्यू यॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर दिवसा घरात किमान ६८ अंश ऊब देणं घरमालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणून तिथे शंभर वर्षांचे बॉयलरही कुणाला तरी जपावे लागतात. भाडेकरूला मे महिन्यात निदान कूलरच्या स्टँडपुरती खिडकी मिळावी, एवढी मागणी नागपुरात करायला हरकत नसावी.

हा अंक हातात पडेल तेव्हा दिवाळीची साफसफाई उरकलेली असेल आणि कूलर बहुधा गच्चीच्या कोपऱ्यात, टाकीत जूनचं दोन बोटं पाणी घेऊन उभा असेल. ते आज काढा. ताट्या सुट्या करून भुसा फेकून द्या. वाळा असेल तर झटकून उन्हात वाळवा. टाकी काथ्यानं घासून, बूच उघडं ठेवून दिवसभर उन्हात उलटी ठेवा, गंजलेल्या जागा खरवडून डांबराचा हात आत्ताच मारा, कारण मार्चमध्ये तो सुकायला वेळ नसतो. पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवून कोरडा करा आणि पंख्याच्या बुशात तेलाचे दोन थेंब सोडा. वायर गुंडाळून वर, दोरीला टांगा. खाली ठेवली तर उंदीर ती कुरतडतात, आणि तो सोलवटलेला भाग होळीनंतर कुणाच्याही नजरेला पडत नाही.